पहिली मोटार, जुनी मोटार : जबलपूरच्या खरेदीदाराने आधी काय पाहावे?

आयुष्यातील पहिली मोटार म्हणून जुनी छोटी गाडी घेणाऱ्या कुटुंबाने गाडीचे मॉडेल, रंग आणि मायलेज यांच्या आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधणे हिताचे ठरते. ही गाडी आपल्या शहरात कोणत्या वाटेने आली, हा तो प्रश्न होय. या उत्तरावर गाडीची कागदपत्रे, तिच्यावरील कर, तिचा विमा आणि अखेरीस तिची खरी किंमत अवलंबून असते. इंजिनातील दोष पैसे खर्चून दूर करता येतो. मात्र दुसऱ्याच्या नावावर राहिलेली किंवा परराज्यातून अपुऱ्या कागदांनिशी आलेली गाडी खरेदीदाराला वर्षानुवर्षे अडचणीत ठेवू शकते.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहर याचे चांगले उदाहरण आहे. मोटारींशी या शहराचा संबंध जुना आहे. येथील वाहन निर्माणी १९६९ मध्ये सुरू झाली. लष्करासाठी येथे तयार झालेल्या जोंगा या गाडीच्या नावात जबलपूरच्या शस्त्रनिर्माण कारखान्यांची इंग्रजी आद्याक्षरे आहेत. लष्करातून निवृत्त झालेल्या जोंगा लिलावात घेऊन वापरणारे हौशी लोकही देशात होते. सर्वसामान्य कुटुंबाची गरज अर्थात वेगळी असते. चार मीटरपेक्षा कमी लांबीची, मागचा दरवाजा वर उघडणारी, कमी इंधनात चालणारी आणि गल्लीत सहज वळणारी हॅचबॅक हीच बहुतेकांची पहिली गाडी असते.

तीन वाटा, तीन प्रकारचे कागद

जबलपूरमध्ये विक्रीस येणाऱ्या जुन्या मोटारींचे ढोबळमानाने तीन प्रकार करता येतात. पहिला प्रकार एमपी २० या स्थानिक क्रमांकाच्या गाड्यांचा. दुसरा प्रकार नागपूरहून आलेल्या एमएच ३१, एमएच ४० किंवा एमएच ४९ क्रमांकांच्या गाड्यांचा. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर हीच जबलपूरची राजधानी होती. लखनादौन आणि सिवनीमार्गे सुमारे पावणेतीनशे किलोमीटर अंतरावरील या शहराशी जबलपूरच्या मराठी कुटुंबांचे नातेसंबंध आजही आहेत. त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकाची गाडी घेण्याचा विचार अनेक घरांत होतो. तिसरा प्रकार दूरच्या राज्यांतून, विशेषतः दिल्ली परिसरातून आलेल्या, तसेच बदली झालेल्या लष्करी, रेल्वे व केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या गाड्यांचा. लष्कराची प्रशिक्षण केंद्रे आणि २००३ मध्ये सुरू झालेले पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय जबलपूरमध्ये असल्याने या प्रकाराला येथे महत्त्व आहे.

स्थानिक गाडी : नाव बदलणे हीच खरी खरेदी

एमपी २० क्रमांकाच्या गाडीचा व्यवहार सर्वांत सोपा असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५० नुसार, राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांच्या आत आणि खरेदीदाराने ३० दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आणि नमुना ३० हे अर्ज वापरले जातात. गाडीवर कर्ज असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ यांच्या आधारे कर्जाची नोंद आधी काढून घ्यावी लागते. कर्ज फिटले आहे, एवढे विक्रेत्याचे सांगणे पुरेसे नाही. नोंदणी प्रमाणपत्रावरील बँकेचे नाव जोपर्यंत निघत नाही, तोपर्यंत बोजा कायम समजावा.

नाव न बदलता गाडी वापरण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. कोऱ्या अर्जांवर विक्रेत्याच्या सह्या घेऊन ठेवल्या जातात आणि तीच गाडी पुढे आणखी दोन-तीन हातांत जाते. याचे परिणाम गंभीर असतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये अशाच एका प्रकरणात निकाल दिला. २००९ मधील एका अपघातापूर्वी संबंधित गाडी अनेक हातांतून गेली होती, परंतु परिवहन कार्यालयाच्या दप्तरी पहिल्याच मालकाचे नाव होते. कायद्याच्या दृष्टीने नोंदणीत नाव असलेली व्यक्ती हीच मालक असून नुकसानभरपाईची जबाबदारी तिच्यावर राहते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यामुळे नाव लवकर बदलले जाणे विक्रेत्याच्याही हिताचे आहे. नाव बदलण्यास टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याशी व्यवहार न करणेच योग्य.

ताबा घेताना दिनांक आणि वेळ लिहिलेली, दोघांच्या सह्या असलेली ताबापावती करून घ्यावी. त्या वेळेपूर्वीचा दंड किंवा गुन्हा कोणाकडे लागतो, याचा तोच पुरावा असतो. गाडीवर प्रलंबित असलेले ई-चलन, नोंदणीची मुदत, विम्याची मुदत आणि मालकांची संख्या ही माहिती केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या परिवहन संकेतस्थळावर किंवा एम-परिवहन या मोबाइल ॲपवर पाहता येते. ही पाहणी बयाणा देण्यापूर्वी करावी.

नागपूरची गाडी : स्वस्त दिसते, तेव्हा कर मोजावा

महाराष्ट्रात नोंदलेली गाडी जबलपूरमध्ये कायमची आणावयाची असल्यास नागपूरच्या परिवहन कार्यालयाकडून नमुना २८ नुसार ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. परराज्यातील खरेदीदारास गाडी विकल्याची सूचना देण्यासाठी विक्रेत्याला ४५ दिवसांची मुदत असते. कलम ४७ नुसार, एखादी गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तिला त्या राज्याचा नवा क्रमांक घेणे बंधनकारक आहे. त्यासाठी नमुना २७ चा अर्ज करावा लागतो.

या प्रक्रियेत अनेकांच्या लक्षात न येणारा भाग कराचा आहे. महाराष्ट्रात गाडी नवी घेताना एकरकमी कर भरलेला असला, तरी मध्य प्रदेशात नव्याने नोंदणी करताना गाडीचे वय लक्षात घेऊन तेथील कर पुन्हा भरावा लागतो. महाराष्ट्रातील उर्वरित काळाच्या कराचा परतावा मागता येतो. मात्र त्यासाठी गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवल्याचा पुरावा मूळ कार्यालयात सादर करावा लागतो. परतावा कोणी मागायचा आणि तो कोणाचा, हे व्यवहाराच्या वेळीच लिहून ठेवावे. नागपूरची गाडी जबलपूरच्या तशाच गाडीपेक्षा स्वस्त दिसत असेल, तर तिच्या किमतीत मध्य प्रदेशचा कर, प्रवास आणि दोन कार्यालयांतील फेऱ्यांचा खर्च मिळवून मगच तुलना करावी.

नागपूरच्या गाडीबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे झालेल्या अतिवृष्टीने अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीलगतच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. त्यात अनेक मोटारी बुडाल्या. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन-पुसून चांगली दिसू शकते, परंतु तिच्या विद्युत यंत्रणेत महिन्यांनंतरही बिघाड होत राहतात. अशी गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या भागावर पाण्याचा डाग आहे का, हे पाहावे. पुढील आसनांच्या खालच्या पट्ट्यांवरील गंज, डिकीतील जादा चाकाच्या खळग्यात साचलेला गाळ आणि काचा बंद केल्यावर येणारा कुबट वास या खुणाही बोलक्या असतात.

दिल्लीची गाडी आणि बीएच क्रमांक

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २०१८ मधील निर्देशानंतर दिल्ली परिसरात १० वर्षांहून जुन्या डिझेल आणि १५ वर्षांहून जुन्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. या बंदीत पुढे न्यायालयाने फेरफार केले. मात्र त्या काळात डिझेलच्या अनेक गाड्या ना हरकत प्रमाणपत्रासह इतर राज्यांत विकल्या गेल्या. वयाच्या मानाने त्या स्वस्त मिळतात. परंतु रोज १५-२० किलोमीटर चालणाऱ्या कुटुंबाला डिझेलच्या बचतीचा फारसा लाभ होत नाही. जुन्या डिझेल इंजिनातील इंजेक्टर किंवा टर्बो बिघडल्यास वाचलेले पैसे एका दुरुस्तीत संपतात. पहिल्या गाडीसाठी छोटे पेट्रोल इंजिनच सोयीचे ठरते.

परराज्यातील कोणत्याही गाडीचा इंजिन क्रमांक आणि सांगाडा क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी स्वतः ताडून पाहावा. सांगाडा क्रमांकाभोवती नव्याने रंग दिलेला, घासलेला किंवा वेल्डिंग केलेला भाग दिसल्यास व्यवहार थांबवावा. गाडी चोरीच्या नोंदीत नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेद्वारे तपासता येते.

बदलीच्या नोकरीतील कर्मचाऱ्यांच्या गाड्यांवर सप्टेंबर २०२१ पासून बीएच मालिकेचा क्रमांक आढळतो. अशा गाड्या सहसा निगा राखलेल्या असतात. परंतु त्यांचा कर दोन-दोन वर्षांच्या टप्प्यांत भरला जातो. खरेदीदार या मालिकेसाठी पात्र नसल्यास त्याला गाडी राज्याच्या मालिकेत आणून उर्वरित काळाचा कर भरावा लागतो. ही रक्कम किंमत ठरवतानाच विचारात घ्यावी.

विक्रेता कोण?

ओळखीच्या व्यक्तीकडून घेतलेल्या गाडीचा इतिहास सहज कळतो, परंतु तिला हमी नसते. कंपन्यांच्या अधिकृत जुन्या गाड्यांच्या दालनात किंमत अधिक असते, मात्र तपासणी आणि काही काळाची हमी मिळते. मारुतीने असे दालन २००१ मध्ये सुरू केले आणि त्यानंतर इतर कंपन्याही या व्यवसायात आल्या. शहरातील दलालाकडे निवड भरपूर असते, पण जबाबदारी कोणाची हा प्रश्न राहतो. या व्यवहारांना शिस्त यावी म्हणून केंद्र सरकारने नियमांत बदल केले असून ते १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन विभागाकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते आणि मालकाने गाडी त्याच्याकडे सोपवल्याची नोंद व्हावी लागते. दलालाकडे हे अधिकारपत्र आहे का, असे विचारण्यात संकोच करू नये.

वस्तू व सेवा कराचा मुद्दाही समजून घ्यावा. परिषदेच्या डिसेंबर २०२४ मधील निर्णयानुसार, नोंदणीकृत व्यापाऱ्याने विकलेल्या जुन्या गाडीवर १८ टक्के कर लागतो, पण तो संपूर्ण किमतीवर नसून व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर असतो. २ लाखांना घेतलेली गाडी २ लाख ३० हजारांना विकली, तर कर ३० हजारांवर म्हणजे ५ हजार ४०० रुपये होतो. संपूर्ण किमतीवर १८ टक्के मागणाऱ्या विक्रेत्याकडे हिशेब मागावा. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर हा कर नाही.

कोणती गाडी?

भारतात छोट्या मोटारीची कल्पना घराघरांत पोहोचवली ती मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली देण्यात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिची जागा घेणारी अल्टो २००० मध्ये आली. २०१२ ते २०२३ या काळात विकली गेलेली अल्टो ८०० ही जुन्या बाजारात सहज मिळणारी गाडी आहे. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन, स्वस्त सुटे भाग आणि कोणत्याही गावात मिळणारा मेकॅनिक हे तिचे गुण. तिच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला, हे विचारावे आणि पुरावा नसल्यास बदलून घ्यावा. अल्टो के१० चे ९९८ सीसी इंजिन अधिक दमदार असून त्यात पट्ट्याऐवजी साखळी असते. सिवनीच्या रस्त्याने नागपूरला वरचेवर जाणाऱ्यास ती अधिक उपयोगी पडेल.

घरात वृद्ध व्यक्ती असल्यास उंच छताची वॅगन-आर सोयीची ठरते, कारण तिच्यात वाकून बसावे लागत नाही. २०१० नंतरच्या गाड्यांत ९९८ सीसीचे इंजिन आहे. क्लच दाबणे कठीण जात असल्यास २०१४ मध्ये आलेल्या सेलेरिओचे स्वयंचलित गिअरचे मॉडेल पाहावे, परंतु त्या यंत्रणेची तपासणी अधिकृत केंद्रातच करून घ्यावी. ह्युंदाईची आय१० ही २००७ मध्ये, तर इऑन २०११ मध्ये आली. सँट्रोचे नवे रूप २०१८ ते २०२२ या काळात विकले गेले. टाटाची टिआगो २०१६ पासून बाजारात आहे, तर रेनॉची क्विड २०१५ पासून.

काही कंपन्यांनी भारतातील विक्री थांबवली आहे. शेवरोलेची विक्री २०१७ च्या अखेरीस, तर डॅटसनची २०२२ मध्ये बंद झाली. फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. या गाड्या स्वस्त मिळतात आणि काही उत्तमही आहेत. तथापि, आपल्या शहरात त्यांचे सुटे भाग व जाणकार मेकॅनिक मिळतात, याची खात्री झाल्यावरच त्यांचा विचार करावा.

सुरक्षेसाठी लक्षात ठेवावयाची वर्षे

जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या अपघात चाचण्यांचे निकाल जाहीर केले. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. त्यानंतर नियम कडक होत गेले. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना एबीएस ब्रेक, जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग आणि २०२१ च्या अखेरीपासून शेजारच्या आसनाचीही एअरबॅग सक्तीची झाली. टिआगोच्या सुधारित आवृत्तीला जानेवारी २०२० मध्ये त्या वेळच्या निकषांनुसार चार तारे मिळाले.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, दोन सारख्या दिसणाऱ्या गाड्यांपैकी एक २०१८ ची आणि दुसरी २०१९ च्या उत्तरार्धातील असेल, तर दुसरीसाठी थोडे अधिक पैसे देणे योग्य ठरेल. पहिली गाडी घेणारा चालक बहुधा नवशिका असतो, त्यामुळे हा फरक महत्त्वाचा आहे. किल्ली फिरवताच एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझला पाहिजे. तो विझत नसेल किंवा मुळीच लागत नसेल, तर यंत्रणेत दोष आहे किंवा अपघातानंतर एअरबॅग बदललेली नाही, असे समजावे.

इंधनाबाबतही एक बाब ध्यानात घ्यावी. देशात २०२५ पर्यंत २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र पोहोचले. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे भाग त्याला अनुकूल आहेत. त्याआधीच्या गाड्यांच्या मायलेजमध्ये काहीशी घट होते आणि रबरी नळ्या व गॅस्केट कालांतराने बदलावी लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये म्हटले होते. सेवेच्या वेळी या नळ्या तपासून घ्याव्यात.

गाडी पाहताना

गाडी दिवसाउजेडी, कोरड्या हवेत आणि इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. थंड इंजिन सुरू होताना होणारा त्रास गरम इंजिनात लपतो. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचे, सतत येणारा दाट पांढरा धूर कूलंट आत जात असल्याचे, तर काळा धूर इंधन जादा जळत असल्याचे दर्शवतो.

बॉनेट, दरवाजे आणि डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या असाव्यात. बोल्टांवरील रंग उडालेला असल्यास तो भाग कधीतरी काढून बसवला आहे. पातळ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवल्यास पुटी भरलेल्या जागी ते नीट चिकटत नाही. टायरवरील चार आकडी संख्येत पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन आकडे वर्ष सांगतात. ३० हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे पेडल गुळगुळीत झाले असेल आणि स्टिअरिंगचे आवरण झिजले असेल, तर ओडोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नये. अधिकृत सेवा केंद्रात नोंदणी क्रमांकावरून मागील सेवांच्या वेळचे किलोमीटर कळू शकतात. मालकाला सोबत नेऊन ते विचारावेत.

विम्याच्या कागदावरूनही गाडीचा इतिहास कळतो. सलग पाच वर्षे दावा न केलेल्या मालकाला ५० टक्के बोनस मिळतो. सहा-सात वर्षे त्याच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर बोनस शून्य असेल, तर अलीकडे दावा झाला होता का, असे विचारावे.

चाचणी फेरी किमान अर्धा तास घ्यावी. सदरच्या मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ धावते का आणि ब्रेक दाबल्यावर एका बाजूला ओढते का, हे पाहावे. जुन्या वस्तीच्या अरुंद रस्त्यावर क्लच आणि पूर्ण वळणावर चाकांकडून येणारा कट-कट आवाज तपासावा. मदन महाल ते दमोह नाका हा सुमारे सात किलोमीटरचा उड्डाणपूल ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला. त्याच्या चढावर इंजिनाचे आवर्तन वाढूनही वेग वाढत नसेल, तर क्लच प्लेट झिजलेली आहे. जबलपूरच्या मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, त्यामुळे वातानुकूलन सुरू ठेवून दहा मिनिटे एका जागी गाडी उभी करावी आणि तापमानाचा काटा पाहावा. शेवटी, आपल्या माहितीच्या मेकॅनिकला शुल्क देऊन गाडी दाखवावी. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक या कामासाठी घेऊ नये.

किंमत कशी ठरवावी?

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील अधिभारही गेला. नव्या गाड्या स्वस्त झाल्याने जुन्या गाडीची किंमत तिच्या मूळ बिलावरून काढणे चुकीचे ठरते. आज त्याच वर्गातील नवी गाडी रस्त्यावर कितीला येते, तेथून हिशेब सुरू करावा. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर सामान्यतः नव्या गाडीपेक्षा अधिक असतो. त्यामुळे तीन-चार वर्षांच्या जुन्या गाडीची व्याजासह किंमत काही वेळा नव्या गाडीजवळ जाते.

समजा, एखाद्या कुटुंबाकडे ३ लाख रुपये आहेत. त्याने अडीच लाखांपर्यंतचीच गाडी पाहावी आणि ५० हजार बाजूला ठेवावेत. नाव बदलणे, विमा, सर्व तेले व फिल्टर, बॅटरी, गरज असल्यास टायर आणि टायमिंग बेल्ट हा पहिल्या वर्षाचा खर्च त्यातून निघतो. ३ लाख पूर्ण खर्चून अधिक चकचकीत गाडी घेणारा बहुधा टायर आणि ब्रेक यांच्या बाबतीत काटकसर करतो आणि तीच धोकादायक ठरते.

नोंदणीची उरलेली मुदतही किमतीत धरावी. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५ हजार रुपये करण्यात आले. १३ वर्षांची गाडी स्वस्त वाटली, तरी हा खर्च दोनच वर्षांवर आलेला असतो.

गाडीत सीएनजी यंत्रणा असल्यास तिची नोंद नोंदणी प्रमाणपत्रावर आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे का, हे पाहावे. नोंद नसलेली टाकी जिवाला धोकादायक असून तिच्यामुळे विम्याचा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

पहिल्या पंधरवड्यातील कामे

गाडी घरी आल्यानंतर विम्याचे हस्तांतरण सर्वप्रथम करावे. कलम १५७ नुसार त्यासाठी १४ दिवसांची मुदत आहे. तिऱ्हाइताच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर आपोआप येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे संरक्षण नव्या मालकाच्या नावावर पॉलिसी झाल्याशिवाय मिळत नाही. आधीच्या मालकाचा बोनस त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागते. विमा नसलेली गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २ हजार रुपयांचा दंड आहे. परंतु अपघात झाल्यास भरपाईची संपूर्ण रक्कम मालकाच्या खिशातून जाते, हा खरा धोका होय.

त्यानंतर प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत पाहावी, नाव बदलण्याचा अर्ज ३० दिवसांच्या आत दाखल करून पोच जपून ठेवावी आणि विक्रेत्याला तिची प्रत द्यावी. फास्टॅग जुन्या मालकाच्या खात्याशी जोडलेला असल्यास तो बंद करून नवा घ्यावा. किमतीतील थोडी रक्कम नाव बदलल्यानंतर देण्याचे आधीच लेखी ठरवले असेल, तर विक्रेतेही हे काम वेळेत पूर्ण करतात.

वरील सर्व बाबी पाहण्यास चार ते सहा आठवडे लागू शकतात. या काळात एखादी चांगली गाडी हातची गेली, तरी बाजारात अल्टो, वॅगन-आर आणि आय१० यांची कमतरता नाही. आज बयाणा न दिल्यास गाडी जाईल, असे सांगणाऱ्या विक्रेत्यास कागदपत्रांच्या प्रती मागाव्यात आणि त्या मिळेपर्यंत पैसे देऊ नयेत.